वर्महोल कागदावर कसा उभा करायचा आणि त्याचं बिल कसं काढायचं

मे महिन्यात आमच्या जळगाव-भुसावळकडे दुपारी बारा ते पाच बाहेर निघायची सोयच नसते, पारा ४५ ला टेकलेला, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, मग कूलरसमोर पडून करायचं काय तर मोबाईल. आणि मोबाईलवर दर चार दिवसांनी कुणीतरी ढकलतंच की शास्त्रज्ञांनी वर्महोल (म्हणजे अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणारी आतली वाट) बनवला, आता दुसऱ्या गॅलक्सीत जाऊन यायचं. माझ्याकडे बीएस्सी-एमएस्सीची पोरं फिजिक्स शिकायला येतात, ती पण हेच विचारतात, सर हे खरं शे का? मी म्हणतो मला काय विचारतो भो, वही काढ आणि हिशोब करून बघ. खरंच सांगतो, आरपार जाता येईल अशा वर्महोलचं बेसिक गणित एवढं काही अवघड नाहीये, डेरिव्हेटिव्ह काढता येत असेल, थोडं इंटिग्रेशन येत असेल आणि अर्धवट सोडून उठायची सवय नसेल तर दोन-तीन दुपारांत होऊन जातं. तेच खाली लिहितोय.

सामान काय लागेल? लाँगबुक, सायंटिफिक कॅल्क्युलेटर (मोबाईलमधला आडवा केला की होतो तो चालेल), घरातल्या सारख्या मापाच्या दोन बांगड्या आणि भांडी घासायचं लिक्विड. हो, बांगड्या. पुढे सांगतो. ज्यांना पायथॉन येतं त्यांनी सिमपाय (अक्षरांची गणितं करून देणारी त्याची लायब्ररी) टाकून ठेवा, ते फुकट आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट्ट बसवा, ती बसली की बाकी सगळं सोपं. आइन्स्टाइनच्या समीकरणांत एका बाजूला स्पेसटाइमची (जागा आणि काळ मिळून जे होतं त्याची) वक्रता असते, दुसऱ्या बाजूला पदार्थ आणि ऊर्जा. नेहमीची पद्धत म्हणजे पदार्थ कुठे किती आहे ते आधी सांगायचं आणि मग वक्रता शोधत बसायचं, आणि ते भयंकर असतं, एकमेकांत अडकलेली दहा समीकरणं, डोकं फुटतं. वर्महोलवाले नेमकं उलटं करतात. आपल्याला हवा तो आकार आधीच ठरवून टाकायचा, तो समीकरणात घालायचा आणि मग समीकरणालाच विचारायचं की बाबा असा आकार टिकवायला पदार्थ कुठला लागेल आणि किती. म्हणजे आकार आपल्या मर्जीचा, बिल निसर्गाच्या मर्जीचं. त्यामुळे कुणी म्हणालं ना की मी वर्महोलचं सोल्युशन शोधलं, तर त्यात काही मोठं नाही, सोल्युशन कुणीही लिहून देईल, बिल किती आलं ते दाखव म्हणायचं.

ही उलटी पद्धत कुठून आली त्याची गंमत आहे. १९८५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन कादंबरी लिहीत होते, त्यांना नायिकेला लांबच्या ताऱ्याकडे झटक्यात पाठवायचं होतं, त्यांनी मित्राला म्हणजे फिजिक्सवाल्या किप थॉर्नला विचारलं की फिजिक्समध्ये बसेल असं काही सांग. थॉर्नने विद्यार्थी मायकेल मॉरिसला सोबत घेऊन ते नीट मांडलं आणि १९८८ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये छापलं, जे मुळात शिकवणाऱ्यांचं जर्नल आहे. म्हणजे हा पेपर शिकणाऱ्या पोरांसाठीच लिहिला होता, आणि आपल्याकडे लोक तो न वाचताच घाबरतात.

बरं, त्याआधीचे वर्महोल का चालत नाहीत तेही बघून घ्या. १९१६ मध्ये लुडविग फ्लामने श्वार्झशिल्डच्या सोल्युशनचा (आइन्स्टाइनच्या समीकरणांचं कृष्णविवरवालं उत्तर) आकार काढून बघितला होता, १९३५ मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी त्यातूनच पूल काढला, वर्महोल हे नाव जॉन व्हीलरने १९५७ मध्ये दिलं. पण हा पूल चालायच्या कामाचा नाही. १९६२ मध्ये रॉबर्ट फुलर आणि व्हीलर यांनी दाखवलं की तो उघडतो आणि इतक्या पटकन मिटतो की प्रकाशसुद्धा या टोकाचा त्या टोकाला पोचत नाही. तर कुणी कृष्णविवरात उडी मारून पलीकडे निघायच्या गप्पा हाणत असेल तर त्याला हे १९६२ चं काम सांगा.

आता वही उघडा. स्थिर आणि गोल वर्महोल घ्यायचा, म्हणजे वेळेनुसार बदलणारा नाही आणि सगळ्या दिशांनी सारखा. त्याचं मेट्रिक, म्हणजे स्पेसटाइममध्ये अंतर मोजायचा नियम, असा लिहायचा:

अंतराचा वर्ग = − (ई चा २ फाय घात) × (सी × काळातला फरक) चा वर्ग + (आर मधल्या फरकाचा वर्ग) ÷ (१ − बी/आर) + (आर चा वर्ग) × (गोलावरचा नेहमीचा भाग)

सी म्हणजे प्रकाशाचा वेग. यात आपल्या हातात फक्त दोनच गोष्टी आहेत. फाय आणि बी, दोन्ही आर ची फंक्शन्स. फाय घड्याळं सांभाळतो, म्हणजे कुठे वेळ किती हळू चालेल ते. बी आकार सांभाळतो. झालं, सगळा वर्महोल या दोन फंक्शनांत.

इथे जवळजवळ सगळी पोरं एका जागी अडकतात. आर म्हणजे मध्यापासूनचं अंतर असं धरून चालतात. इथे मध्य नावाची जागाच नाहीये! आर म्हणजे त्या जागी गोल फेरी मारली तर जो परीघ भरेल त्याला दोन पाय (२π) ने भागून येणारा आकडा, एवढंच. वर्महोलमध्ये शिरताना आर कमी कमी होत जातो, गळ्याशी, म्हणजे मधल्या अरुंद जागी, सगळ्यात कमी होतो आणि पलीकडे निघताना परत वाढायला लागतो. म्हणजे एकच आर दोन वेगळ्या जागांना असतो, अलीकडे एक आणि पलीकडे एक. हे समजलं नाही तर पुढे काहीच समजणार नाही, तेव्हा इथे थांबून एक चित्र काढाच.

मग अटी. गळ्याशी बी ची किंमत आर एवढीच पाहिजे, गळ्याच्या बाहेर बी आर पेक्षा लहान पाहिजे, लांब गेल्यावर बी भागिले आर शून्याकडे जायला पाहिजे म्हणजे तिथे आपलं साधं सपाट आकाश लागेल. गळ्याशी बी चं डेरिव्हेटिव्ह १ पेक्षा कमी पाहिजे, ही सगळ्यात महत्त्वाची अट, कारण याच्यामुळेच गळा बाहेरच्या बाजूला फुलतो. आणि फाय कुठेही अनंत होता कामा नये. फाय उणे अनंताला गेला की तिथे होरायझन तयार होतं आणि मग आत गेलेला माणूस परत येत नाही. श्वार्झशिल्ड याच अटीत नापास होतो, त्याचा बी एकदम सरळ आहे, स्थिर आकडा, गळा पण फुलतो, पण गळ्याशीच होरायझन बसलेलं.

आपण सगळ्यात सोपा घेऊ. फाय शून्य. बी म्हणजे गळ्याच्या त्रिज्येचा वर्ग भागिले आर. हा एलिस वर्महोल, १९७३ मध्ये होमर एलिस आणि रशियात किरिल ब्रॉनिकोव्ह दोघांनी वेगवेगळा काढलेला. अटी एकेक करून तपासा: गळ्याशी बी बरोबर आर होतो, डेरिव्हेटिव्ह −१ येतं, ते १ पेक्षा कमीच आहे, लांब गेलं की बी/आर शून्य. पास. फाय शून्य असल्याने सगळीकडची घड्याळं सारखी चालतात आणि एका जागी थांबलेल्या माणसाला वजनच जाणवत नाही, गळ्यात उभा राहिला तरी.

गळ्याशी १ भागिले (१ − बी/आर) हे अनंत होतं, ते बघून घाबरू नका. तो आर च्या निवडीचा घोळ आहे, जागेचा नाही. आर ऐवजी एल घ्या, म्हणजे टेप लावून मोजलेलं खरं अंतर, गळ्याशी शून्य, अलीकडे उणे, पलीकडे अधिक. एलिससाठी आर चा वर्ग = एल चा वर्ग + गळ्याच्या त्रिज्येचा वर्ग. मेट्रिक एकदम स्वच्छ होतं, कुठेही काही फुटत नाही.

आता बांगड्या आणा. वर्महोलचं जे चित्र सगळीकडे दिसतं ना, दोन्हीकडे फुललेलं, ते एम्बेडिंग डायग्राम. एक क्षण पकडायचा, गोलाचा मधला एक काप घ्यायचा आणि त्याची वक्रता जशीच्या तशी राहील असा पृष्ठभाग साध्या तीन मितींत वाकवून ठेवायचा. त्याचा उतार = १ ÷ वर्गमूळ (आर/बी − १). एलिसचा बी घालून इंटिग्रेट करा, उत्तर येतं आर = त्रिज्या × कॉश, म्हणजे हायपरबोलिक कोसाइन, (झेड भागिले त्रिज्या), झेड म्हणजे चित्रातली उंची. कॉशचा हा कर्व्ह अक्षाभोवती फिरवला की जो पृष्ठभाग होतो त्याला कॅटेनॉइड म्हणतात, आणि दोन गोल कड्यांमध्ये ताणलेला साबणाचा पडदा बरोब्बर हाच आकार घेतो! तेव्हा वाटीत लिक्विड आणि थोडंसं पाणी घ्या, लिक्विड जरा जास्तच, दोन्ही बांगड्या एकमेकींना चिकटवून बुडवा, बाहेर काढा आणि सरळ समोरासमोर हळूहळू लांब न्या. मध्ये एक सपाट गोल पडदा अडकलेला दिसेल, तो कोरड्या बोटाने फोडून टाका, की उरलेला पडदा मध्ये बारीक आणि दोन्ही कडांना फुललेला होतो. तो एलिसचा गळा. फॅन बंद ठेवा बरं का, आणि कूलर पण, नाहीतर फुटत राहील. जुन्या काचेच्या बांगड्या निसटतात, प्लॅस्टिकच्या किंवा जाड मेटलच्या बऱ्या. बांगड्यांमधलं अंतर व्यासाच्या साधारण दोन तृतीयांशाच्या पुढे गेलं की पडदा फट्कन तुटतो, ते साबणाचं फिजिक्स आहे, वर्महोल तुटतो त्याच्याशी काही संबंध नाही, दोघांचं मिसळू नका. अजून एक, पडद्याच्या मधली पोकळी म्हणजे बोगदा नाही. त्या चित्रात जागा फक्त पडद्यावर आहे, प्रवासी पडद्यावरून सरकत जातो, मधल्या हवेत उडी मारत नाही. टीव्हीवर नेहमी यान मधल्या पोकळीतून जाताना दाखवतात, तिथे चिडचिड होते माझी.

आता आइन्स्टाइन समीकरणात घालायचं. हाताने करायचं तर क्रिस्टोफेल सिम्बॉल, मग रीमान, मग रिची (मेट्रिकवरून वक्रता काढायच्या पायऱ्या), दोन-तीन पानं जातात पण एकदा करावंच, हात बसतो. सिमपायने करत असाल तर मेट्रिकचे चार कर्णावरचे आकडे द्या, −१, १, एल वर्ग अधिक त्रिज्या वर्ग, आणि तेच गुणिले साइन थीटाचा वर्ग. उत्तर तपासायची खूण अशी: रिची टेन्सरचा फक्त एकच घटक शिल्लक राहायला पाहिजे, एल-एल वाला, आणि तो = −२ × त्रिज्या वर्ग ÷ (एल वर्ग + त्रिज्या वर्ग) चा वर्ग. बाकी सगळे शून्य. काळाचा घटक शून्य आला नाही तर इंडेक्समध्ये गडबड केलीय, परत जा.

त्यावरून ऊर्जेची घनता निघते. साधा फॉर्म्युला लक्षात ठेवा, कुठल्याही बी ला चालतो: घनता = (सी चा चौथा घात ÷ ८ पाय जी) × बी चं डेरिव्हेटिव्ह ÷ आर वर्ग, यात जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक. एलिसमध्ये डेरिव्हेटिव्ह उणे, म्हणजे घनता उणे. उणे! शून्यापेक्षा कमी ऊर्जा. आणि गळ्याच्या दिशेने ताण, तोही प्रचंड. आता आकडा काढा, कारण आकडा काढल्याशिवाय याची मजा कळत नाही. सी चा चौथा घात ८.०८ गुणिले १० चा ३३ वा घात, ८ पाय जी म्हणजे १.६८ गुणिले १० चा उणे ९ वा घात, भागाकार ४.८ गुणिले १० चा ४२ वा घात. गळा १ मीटर त्रिज्येचा असेल तर गळ्याशी ताण एवढे पास्कल. हवेचा दाब १० चा ५ वा घात पास्कल असतो, यावरून काय ते समजा. गळा मोठा केला की हा आकडा त्रिज्येच्या वर्गाने कमी होतो, १ किलोमीटरला ४.८ गुणिले १० चा ३६ वा घात, ३ किलोमीटरला ५ गुणिले १० चा ३५ वा, तेव्हा कुठे न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटातल्या दाबाच्या आसपास येऊन टेकतो.

मग पोरं म्हणतात सर गळा मोठाच करा ना. करा. पण एकूण माल किती लागतो ते पण काढा. घनता गुणिले खरं घनफळ, एल च्या उणे अनंतापासून अधिक अनंतापर्यंत इंटिग्रेट केलं की सुटसुटीत येतं: उणे (पाय/२) × (सी वर्ग ÷ जी) × त्रिज्या. १ मीटरला हे २.१ गुणिले १० चा २७ वा घात किलो, उणे. गुरू ग्रहाचं वस्तुमान १.९ गुणिले १० चा २७ वा. म्हणजे जेमतेम उभ्याने शिरता येईल एवढ्या भोकासाठी अख्ख्या गुरूएवढा माल, आणि तोही उणे वस्तुमानाचा. आणि त्रिज्या वाढवली की हे सरळ प्रमाणात वाढतं. गळा मोठा तर दाब कमी पण माल जास्त, गळा लहान तर माल कमी पण दाब गेला हाताबाहेर. दोन्हीकडून मार आहे. यातली एक मजेशीर गोष्ट म्हणजे लांबून बघणाऱ्याला या वर्महोलचं वस्तुमान शून्य वाटतं, कारण लांबवर बी शून्याला जातो. दोन आकडे वेगळे येतात कारण पहिल्यात वक्र जागेतलं खरं घनफळ धरलंय आणि दुसरा म्हणजे लांबून ओढ किती जाणवते तो.

बरं हे उणेपण टाळता येतं का? सगळ्यात जास्त कागद याच्यावर खर्च झालेत. बी बदलून बघा, फाय बदलून बघा, काहीही करा, गळा फुलला पाहिजे ही अट ठेवली की गळ्याशी घनता अधिक गळ्याच्या दिशेचा दाब ही बेरीज उणेच येते. याला नल एनर्जी कंडिशन मोडणं म्हणतात. कारण समजून घ्यायचं तर आपल्याकडच्या माणसाचं समीकरण कामाला येतं, कोलकात्याचे अमल कुमार रायचौधुरी, १९५५. ते सांगतं की साध्या पदार्थातून प्रकाशाचे किरण गेले की गुरुत्वाकर्षणाने एकमेकांजवळ येतात, कधीच आपोआप फाकत नाहीत. आता वर्महोलमध्ये काय होतं बघा, शिरताना किरण जवळ येत येत गळ्याशी येतात आणि पलीकडे निघताना फाकायला लागतात. म्हणजे गळ्याशी कुणीतरी त्यांना ढकललं पाहिजे. ढकलणारा पदार्थ म्हणजेच हा उणे माल, याला एक्झॉटिक मॅटर म्हणतात. दर महिन्याला कुठेतरी नवा बी घालून पेपर निघतो, एक्झॉटिक मॅटरशिवाय वर्महोल असं मथळ्यात लिहिलेलं, उघडून बघितलं तर आइन्स्टाइनचं समीकरणच बदललेलं असतं आणि उणेपण पदार्थातून काढून समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला ठेवलेलं असतं. चालेल, पण मग तसं स्पष्ट सांगा ना भो.

एक काम मात्र मानलं पाहिजे. २००३ मध्ये मॅट व्हिसर, सायन कर आणि पुण्याच्या आयुकाचे नरेश दधीच यांनी दाखवलं की एक्झॉटिक मॅटर शून्य करता येत नसलं तरी त्याची एकूण मात्रा हवी तेवढी लहान करता येते, आकार नीट निवडला तर. म्हणजे मघाशी काढलेला गुरूएवढा आकडा एलिसचा आहे, सगळ्यांचा नाही. हे ध्यानात ठेवा, नाहीतर तोच आकडा घेऊन जगभर सांगत फिराल.

उणे ऊर्जा खरी असते का, तर असते, थोडीशी. १९४८ मध्ये हेंड्रिक कॅसिमिरने सांगितलं की दोन धातूच्या पाट्या अगदी जवळ ठेवल्या की मधल्या पोकळीची ऊर्जा शून्याच्या खाली जाते आणि पाट्या एकमेकींकडे ओढल्या जातात, आणि १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरोने ते नीट मोजून दाखवलं. पण किती? पाट्यांमध्ये १ मायक्रॉन अंतर ठेवलं तर घनमीटरला उणे ०.०००४३ ज्यूल. आपल्याला १ मीटरच्या गळ्याला पाहिजे ४.८ गुणिले १० चा ४२ वा. भागाकार करा, १० चा ४६ वा घात कमी पडतोय. अंतर कमी केलं की ही ऊर्जा अंतराच्या चौथ्या घाताच्या हिशोबाने वाढते म्हणून पाट्या अजून जवळ आणा म्हणाल तर किती जवळ ते पण निघतं, साधारण ३ गुणिले १० चा उणे १८ वा घात मीटर, प्रोटॉनच्या त्रिज्येच्या शेकडो पट लहान. तिथे पाटी कसली आणि धातू कसला. त्यात १९९६ मध्ये लॅरी फोर्ड आणि थॉमस रोमन यांनी अजून पाचर मारली, क्वांटम फिजिक्स उणे ऊर्जा उसनी देतं पण जेवढी मोठी उसनवारी तेवढी लवकर परतफेड, आणि त्या हिशोबाने गळा एक तर प्लँक लांबीच्या आसपासचा (ती १० चा उणे ३५ वा घात मीटर) नाहीतर उणे ऊर्जा अतिशय पातळ थरात कोंबलेली पाहिजे.

आता समजा कुणी देव प्रसन्न झाला आणि माल मिळाला. आत जाताना आपलं काय होईल? हा भाग पोरांना सगळ्यात आवडतो. माणूस २ मीटरचा धरा आणि अट अशी ठेवा की शरीराच्या दोन टोकांच्या प्रवेगातला फरक एक जी पेक्षा, म्हणजे ९.८ पेक्षा जास्त नको. एलिसमध्ये फाय शून्य असल्याने जाण्याच्या दिशेने काहीच ताण नाही, आडव्या दिशेने मात्र आहे आणि तो वेगावर अवलंबून आहे: (वेग वर्ग ÷ त्रिज्या वर्ग) × २ मीटर. यावरून वेगाची मर्यादा = त्रिज्या × वर्गमूळ (९.८ ÷ २) = त्रिज्येच्या २.२ पट, सेकंदाला. १० मीटर त्रिज्येच्या गळ्याला २२ मीटर सेकंदाला, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. एसटीचा वेग! जळगाव-धुळे हायवेला चाललोय तेवढ्याने जायचं. गॅलक्सी ओलांडायची आणि एसटीच्या स्पीडने, पण वर्महोलची लांबी कमी असेल तर काय बिघडलं, वेळ वाचतो तो वेगामुळे नाही, वाट छोटी असल्यामुळे. लाइटपेक्षा वेगाने कुणी गेलेलं नाहीये हे पोरांना दोनदा सांगावं लागतं.

हे सगळं काढून बघणाऱ्याला अजून एक सांगतो, एलिस वर्महोल हलवला की टिकत नाही. २००२ मध्ये हिसाआकी शिंकाई आणि शॉन हेवर्ड यांनी कॉम्प्युटरवर त्याला बारीक धक्का देऊन बघितला, धक्का एका प्रकारचा दिला तर तो मिटून कृष्णविवर होतो, दुसऱ्या प्रकारचा दिला तर फुगत सुटतो. आणि प्रवासी आत शिरणं हाच धक्का आहे. टाइम मशीनचं पण विचारतात सगळे, तर वर्महोलचं एक तोंड वेगाने फिरवून आणलं की दोन तोंडांच्या घड्याळांत फरक पडतो आणि भूतकाळात जायची वाट कागदावर निघते, हे मॉरिस, थॉर्न आणि युर्तसेव्हर यांनी १९८८ मध्येच दाखवलं, आणि निसर्ग हे होऊ देणार नाही असा अंदाज हॉकिंगने १९९२ मध्ये मांडला. सिद्ध दोघांपैकी कुणाचंच पूर्ण झालेलं नाही, यात शिरायचं तर वेगळी दुपार काढा.

आता मोबाईलवरच्या बातमीकडे. समोर दावा आला की चार प्रश्न टाकायचे. हा वर्महोल खऱ्या स्पेसटाइममध्ये आहे का कुठल्या मॉडेलमध्ये? होरायझन कुठे आहे? उणे माल कुठून आणला आणि किती? आणि आतली वाट बाहेरच्या वाटेपेक्षा छोटी आहे का? २०२२ च्या नोव्हेंबरात गुगलच्या क्वांटम कॉम्प्युटरवर वर्महोल बनवला म्हणून गाजलं होतं ना, पहिल्याच प्रश्नाला ते गळतं. ९ क्युबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे बिट) वापरून एका अगदी सोप्या केलेल्या मॉडेलचं गणित चालवलं होतं, ज्याचं वर्णन गुरुत्वाकर्षणाच्या भाषेत वर्महोलसारखं करता येतं. जागेला भोक कुणी पाडलेलं नव्हतं. आणि ते मॉडेल इतकं सोपं केल्यावर त्यात वर्महोलचे गुण उरतात का यावरही दुसऱ्या संशोधकांनी आक्षेप घेतलाय. याच्या उलट २०१८ चं ह्वान माल्दासेना, अलेक्सी मिलेखिन आणि फेडोर पोपोव्ह यांचं काम बघा, त्याचा बाहेर एवढा गवगवा झाला नाही पण माल अस्सल आहे. चुंबकी भार असलेली दोन कृष्णविवरं घेतली, त्यांच्यामध्ये वजनरहित कणांचा क्वांटम परिणाम कॅसिमिरसारखी उणे ऊर्जा देतो, आणि वर्महोल उघडा राहतो. पहिल्या तीन प्रश्नांना व्यवस्थित उत्तरं आहेत. चौथ्याला उत्तर असं की आतून जायला बाहेरून जाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे वाट आहे, शॉर्टकट नाही. मला तर हेच उत्तर जास्त पटतं, निसर्गाने दार उघडं ठेवलं पण लबाडी चालू दिली नाही.

कुणी म्हणेल एवढं करून उपयोग काय, खेड्यातल्या पोराने हे शिकून काय करायचं. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जाऊन या. तिथे १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्याला देणग्या मिळाल्या त्याचा. ८०० वर्षांपूर्वी आपल्या भागात पोरं बसून सिद्धान्तशिरोमणी सोडवत होती, त्यांना पण कुणीतरी उपयोग विचारलाच असेल.

घरी करायला एक गणित देतो. फाय शून्यच ठेवा, बी घ्या वर्गमूळ (त्रिज्या × आर). अटी तपासा, डेरिव्हेटिव्ह गळ्याशी अर्धा येतो, पास. आता घनता काढा, ती चक्क अधिक येईल, आणि इथेच लोक उड्या मारतात की झालं, एक्झॉटिक मॅटर गेलं. थांबा, गळ्याच्या दिशेचा दाब काढा, तो घनतेच्या दुप्पट आणि उणे आहे, बेरीज परत उणे. शिवाय हा बी लांब जाताना वाढतच राहतो, म्हणजे एकूण वस्तुमान अनंत, म्हणून कुठेतरी कापून बाहेरून श्वार्झशिल्ड जोडावा लागतो, जोडाच्या जागी काय लागतं ते पण लिहा. मग आडवा ताण काढा, त्याचा सर्वसाधारण फॉर्म्युला प्रकाशापेक्षा खूप कमी वेगाला असा: (वेग वर्ग ÷ २ आर वर्ग) × (बी चं डेरिव्हेटिव्ह − बी/आर) × माणसाची उंची, चिन्ह सोडून द्या. १० मीटरच्या गळ्याला वेगाची मर्यादा एलिसच्या दुप्पट, ताशी १६० किलोमीटरच्या आसपास यायला पाहिजे, ८० च आली तर डेरिव्हेटिव्हच्या जागी जुनाच −१ घातलाय बघा.